कॉन्फिडेन्शियल चौकशीचा खुलासा

उधना, सुरत
रविवार, दि. १५ जून १९६९

तीर्थरूप शालिग्राम दाजी यांच्या सेवेशी,

तुमचा धाकटा मेहुणा सुकलाल याचा दोन्ही हात जोडून नमस्कार. (तिसरा हात असता तर तोही जोडला असता. का, ते पुढे कळेलच.) तुमचा गुडघा आता कसा आहे? मंगलाताईचा खोकला थांबला का? नसेल तर तिला ओट्यावर झोपू देऊ नये, वारा बाधतो. आमच्याकडे सर्व ठीक. उषा बरी आहे आणि तुम्हाला नमस्कार सांगते, पण हे पत्र वाचून तुम्ही रागावलात तर नमस्कार एकट्या तिचाच धरावा, असेही सांगते. उन्हाळा अजून उतरलेला नाही. कारखान्यात कापडाच्या घड्या घालताना घाम कापडावर पडू नये म्हणून आम्ही फोल्डिंग खात्यातली माणसे गळ्यात पंचे बांधून असतो, त्यामुळे आमचे खाते दुरून न्हाव्याच्या दुकानासारखे दिसते.

आता मुद्द्यावर येतो. गेल्या महिन्यात तुमचे पत्र आले. चिरंजीव शकूसाठी सोनाबाईंचा पोपट हे स्थळ सुचले आहे, मुलगा सुरतेतच लूमवर आहे, तरी तू त्याची चौकशी करून कळव, असे तुम्ही लिहिले होते आणि खाली नऊ प्रश्न नंबर घालून दिले होते. हायस्कुलातल्या हेडक्लार्कला शोभेल असेच ते पत्र होते. वर उजव्या कोपऱ्यात लाल शाईने तुम्ही ‘कॉन्फिडेन्शियल’ हा इंग्रजी शब्द लिहून त्याखाली दोन रेघा ओढल्या होत्या, आणि शेवटी पुन्हा मराठीत, ‘ही चौकशी पूर्णपणे कॉन्फिडेन्शियल करावी, त्यात कसूर होऊ नये’ असे बजावले होते. दाजी, मी कसूर केलेली नाही. एवढे आधी ध्यानात घ्यावे आणि मगच पुढचे वाचावे.

तुम्हाला माहीत आहे, आमच्या गल्लीत इंग्रजी येणारा मी एकटाच. कोणाची तार आली, कोणाच्या औषधाच्या बाटलीवर काही लिहिलेले असले, की लोक माझ्याकडे येतात आणि मी त्यांना परत पाठवत नाही. शब्द नेमका माहीत नसला तरी एकदा आवाज ठाम ठेवला की अर्थ बहुतेक जमतो, असा माझा सात वर्षांचा अनुभव आहे. तरीही शकूचा प्रश्न म्हणून मी या वेळी डिक्शनरी काढली. ती मी चौक बाजारातल्या रद्दीवाल्याकडून घेतली होती. त्यात ‘कॉन्फिडन्स’ म्हणजे भरवसा, धीर. ‘कॉन्फिडेंट’ म्हणजे खात्री असलेला, न डगमगणारा, असे स्पष्ट छापलेले आहे, आणि तिथेच ते पान संपते. पुढची सहा पाने नाहीत. (रद्दीवाल्याने त्यांत चणे बांधून विकले असावेत. सुरतेतल्या कोणा माणसाच्या पोटात चण्यांबरोबर खरा अर्थ गेलेला आहे.) मग मी माझ्या अकलेने हिशेब केला. ‘नॅशन’चे ‘नॅशनल’ होते, तसे ‘कॉन्फिडेंट’चे ‘कॉन्फिडेन्शियल’. म्हणजे चौकशी न डगमगता करावी, दबकत करू नये, मेहुण्याच्या अंगात धीर असावा. आणि खाली दोन रेघा, म्हणजे दुप्पट धीर. तुम्ही माझ्याविषयी एवढा भरवसा दाखवलात म्हणून मला बरे वाटले. उषाने विचारले, तांबड्या शाईने काय लिहिले आहे. मी तिला सांगितले, छाती काढून जायचे आहे.

त्याप्रमाणे मंगळवारी अर्धी रजा टाकून, इस्त्रीचा शर्ट घालून मी पोपटच्या कारखान्यात गेलो. दारात मेहताजी बसतात. म्हातारा, शांत माणूस, सगळे हजेरीपुस्तक त्यांच्या हातात. परक्याला आत सोडत नाहीत म्हणून मी तुमचे पत्रच पुढे केले आणि लाल अक्षरांवर बोट ठेवले, म्हणजे काम सरकारी वजनाचे आहे हे त्यांना कळावे. त्यांनी चष्म्यावरून शब्द वाचला, माझ्याकडे पाहिले आणि हळू आवाजात म्हणाले, “आ तो छानी वात छे, भाई. छानी ज राखजो.”

मला सुरतेत सात वर्षे झाली आणि माझी गुजराती अशी आहे की गुजराती माणूस ऐकून थक्क होतो आणि हिंदीत उत्तर देतो. त्यामुळे अर्थ कळायला वेळ लागला नाही. ‘ही तर छान गोष्ट आहे, छानच ठेवा.’ मी म्हटले, छान म्हणजे काय, फारच छान, मुलगी अकरावी पास आहे. मेहताजींनी पुस्तक मिटले आणि मला आत जाऊ दिले. तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर जे होते त्याला मी कौतुक समजलो.

दाजी, तुम्ही लूमखाते आतून पाहिलेले नाही. अठ्ठेचाळीस माग एकदम चालतात तेव्हा शेजारच्याला ‘पाणी दे’ म्हणायचे तर कानाशी तोंड नेऊन ओरडावे लागते. तिथली माणसे बरेचसे हातांनीच बोलतात. मागांची दुरुस्ती बघणारा जॉबर नागनाथ माझ्या ओळखीचा, म्हणून त्याच्यापासून सुरुवात केली. त्याला बाजूला घेतले आणि तुमचे प्रश्न एकेक करून त्याच्या कानात ओरडू लागलो. पहिल्या प्रश्नाला (मुलाचे वय किती) त्याने दोन बोटे आणि मग चार दाखवली, ते मी चोवीस असे टिपले. तिसऱ्याला (विडी-दारूचे व्यसन आहे काय) त्याने खिशातून विडी काढून मलाच दिली. असे करत सहा प्रश्न झाले. एवढ्यात आपल्याकडे कोणी बोट दाखवत आहे हे पाहून पोपट स्वतःच चार माग सोडून जवळ येऊन उभा राहिला. सडपातळ, निळा शर्ट, केसांत सुताचा कापूस. मी त्याला चेहऱ्याने ओळखत नव्हतो. मला वाटले हाही कोणी माहितीतला असेल. म्हणून सातवा प्रश्न मी दोघांना ऐकू जाईल अशा बेताने, छातीत हवा भरून विचारला, आणि त्याच क्षणी लाइट गेली.

अठ्ठेचाळीस माग एकदम थांबले. त्या शांततेत माझा आवाज एकटाच राहिला: “पोपटला काही छुपा आजार आहे काय?”

चाळीस माणसांनी माना वळवल्या. दुसरा कोणी असता तर कागद खिशात घालून पळाला असता, आणि खरे सांगतो, माझेही पाय तसे म्हणाले. पण डोळ्यांपुढे तुमच्या त्या दोन लाल रेघा आल्या. न डगमगता करावी, कसूर होऊ नये. मी चष्मा नीट केला आणि तोच प्रश्न पुन्हा, अधिक स्पष्ट शब्दांत वाचला.

तेव्हा त्या निळ्या शर्टवाल्याने हात पुसले आणि विचारले, मुलगी कोणाची. मी म्हटले, माझ्या सख्ख्या बहिणीची, दोंडाईच्याची. तो म्हणाला, मग नागनाथला कशाला विचारता, पोपट मीच, मला विचारा. आणि दाजी, त्याने उत्तरे दिली. डाव्या कानाने कमी ऐकू येते, सात वर्षे मागाशेजारी उभे राहून तसे झाले आहे, उजवा शाबूत आहे. बाकी आजार नाही. आठव्या प्रश्नाला (शेती किती) म्हणाला, तीन एकर आहे पण काकांच्या ताब्यात आहे, ती मिळेल असे धरून कोणी मुलगी देऊ नये. नवव्या प्रश्नाला (स्वभाव तापट आहे काय) तो काही बोलायच्या आत मागून कोणी म्हणाले, होळीच्या आधी याने लूमखात्याच्या मास्तरला आई-माईवरून शिव्या दिल्या होत्या. पोपट म्हणाला, दिल्या होत्या. माणसाचा हात मागात असताना मास्तरने पट्टा चढवून माग चालू केला होता, हात थोडक्यात वाचला. पुन्हा तसे झाले तर पुन्हा देईन. मास्तर तिथेच उभा होता आणि वरच्या पंख्याकडे बघत होता. पंखा बंद होता.

मला सांगा, असली माहिती दबकत फिरून कोणी दिली असती का? मुलगा चांगला आहे, एवढेच शंभरदा ऐकले असते.

इथे मला एक कबुली द्यायची आहे. तुमचे प्रश्न नऊ होते, मी दहा विचारले. तुमच्या पाकिटात, कागदाच्या घडीत, शकूची एक चिठ्ठी होती. तिने ती कधी सरकवली कोण जाणे. तीत लिहिले होते: ‘मामा, एवढे विचारा की लग्न ठरले तरी मला मास्तरणीचे ट्रेनिंग पुरे करू देतील का. अप्पांना सांगू नका.’ यात इंग्रजी शब्द एकही नाही आणि अर्थाविषयी मला शंकाही नाही. तरी मी तुम्हाला सांगतो आहे, कारण पोरीने हे मामाला विचारावे आणि बापाला विचारू नये याचे मला दोन रात्री वाईट वाटत होते. तुम्हालाही थोडे वाटावे. तर तो दहावा प्रश्नही मी तिथेच मोठ्याने वाचला. पोपट सगळ्यात जास्त वेळ त्यावरच गप्प राहिला. मला वाटले डावा कान माझ्याकडे आहे, म्हणून पुन्हा विचारणार होतो. मग तो म्हणाला, “ऐकू आलं. माझं सहावीनंतर राहिलं, तेव्हा मला कोणी विचारलं नव्हतं. तिला शिकू द्या, मी थांबेन.”

मग लाइट आली आणि कोणाचेच कोणाला ऐकू येईनासे झाले.

मी घरी आलो तो विजयी होऊन. उषाला सगळे सांगितले, तर ती डोक्याला हात लावून बसली. दिवे लागायच्या सुमाराला दारात पाच बायका. पुढे सोनाबाई, पोपटची आई. आमच्या मागच्या गल्लीत लूमवाल्यांची खाणावळ चालवते ती. नवरा गंगाराम मागेच वारला, तेव्हापासून दोन्ही वेळच्या भाकऱ्या तीच थापते. उंबऱ्याबाहेर बसली, आत येईना, पाण्याला हात लावीना. म्हणाली, माझ्या पोराला तुम्ही बाजारात वांगे दाबून बघावे तसे चाळीस माणसांसमोर दाबून बघितले. मी म्हटले, बाई, ही कॉन्फिडेन्शियल चौकशी होती. ती म्हणाली, ती कशीही असो, आता माझी पाळी. तुमची भाची. गेल्या वर्षी तिचा साखरपुडा मोडला, तो का मोडला?

दाजी, तुमच्या पत्रात तिसऱ्या परिच्छेदात ‘मोडलेल्या साखरपुड्याचा उल्लेख कोठेही करू नये’ असे आहे. मला ते पाठ आहे. पण उंबऱ्यावर पाच बायका, आणि मी दुपारी त्यांच्या मुलाला अंतर्बाह्य विचारून आलेलो. कोणत्या तोंडाने गप्प बसू? मी सांगितले. शहाद्याकडच्या त्या लोकांनी कोणाकडे तरी गुपचूप चौकशी केली, त्या कोणीतरी कानात सांगितले की मुलीच्या मनगटावर कोड आहे, आणि त्यांनी साखरपुड्यात आपण दिलेली साडी तिसऱ्या माणसाच्या हाती परत पाठवली. आपल्याला कोणी विचारले नाही, मुलीला विचारले नाही, हात पुढे कर म्हणालेसुद्धा नाही. सहा वर्षांची असताना उकळते दूध सांडून भाजले होते, त्याचा तो डाग. मंगलाताई तेव्हापासून पोरीला उन्हाळ्यातही लांब बाह्यांचे पोलके शिवते. हे शेवटचे मला सांगायचे नव्हते, पण तोंडातून गेले, आणि सांगताना माझा आवाज बिघडला. तुमच्या दोन रेघांना तेवढी कसूर झाली, ती माफ असावी.

सोनाबाईने दोन्ही हातांच्या बांगड्या वर सारल्या आणि हात माझ्यापुढे धरले. मनगटापासून कोपरापर्यंत तव्याचे, चुलीचे, वाफेचे डाग; काही पांढरे पडलेले, एक ओला.

“भाजेल डाग शे ना, भाऊ?” ती म्हणाली. “मंग तो दपाडाना कसाले?”

म्हणजे तो लपवायचा कशाला. तुमच्याकडेही अहिराणी बोलतात, तुम्हाला अर्थ सांगायला नको, पण आज मी अर्थांच्या बाबतीत जपून आहे. त्यानंतर ती आत आली, पाणी प्याली, आणि उषाच्या भाकरीचे पीठ फार सैल असते असे सांगून गेली. उषा म्हणते, सोयरीक झाल्यासारखीच आहे, परके कोणी पिठावर बोलत नाही.

बुधवारी मेहताजींनी मला बोलावून घेतले. शेठच्या कपाटातली जाडजूड डिक्शनरी (तिची सगळी पाने शाबूत होती) टेबलावर उघडून ठेवलेली, आणि त्यांनी त्या शब्दावर पेन्सिल टेकवली. गुप्त. खासगी. ज्याचे त्याला सांगण्यासारखे. मी दोनदा वाचले. मग त्यांनी अगदी सौम्यपणे असेही सांगितले की गुजरातीत ‘छानी वात’ म्हणजेही गुप्त गोष्ट, आणि ‘छानी ज राखजो’ म्हणजे कोणाला कळू देऊ नका. मी तिथल्या कापडाच्या गठाणीवर बसलो. सात वर्षांत ‘छानी वात’ म्हणून मला काय काय सांगण्यात आले असेल आणि मी ते छान म्हणून कुठे कुठे सांगितले असेल, हे डोळ्यांपुढून जाऊ लागले. आमच्या गल्लीतल्या दोन भांडणांचा उलगडा मला त्या गठाणीवरच झाला.

तर दाजी, शब्दाचा अर्थ चुकला हे मी कबूल करतो. एकट्याने चुकलो असतो तर खाली मान घातली असती, पण दोन भाषांनी मिळून फसवल्यावर माणसाने किती शरमावे यालाही मर्यादा आहे. आणि चौकशी चुकली, हे मात्र मी मानणार नाही. तुमच्या ऑफिसात मास्तरांचे कॉन्फिडेन्शियल रिपोर्ट असतात, तुम्हीच सांगितले होते: हेडमास्तर लिहितात, तुम्ही कपाटात ठेवता, आणि कोणाला काय शेरा मिळाला हे शिपाई पानाच्या गादीवर सांगतो. ज्याच्यावर रिपोर्ट असतो त्यालाच काय ते माहीत नसते. आपल्या शकूचे गेल्या वर्षी तेच झाले. या खेपेला चाळीस मागवाले, पाच बायका आणि एक मास्तर यांच्यासमोर दोन्हीकडचे जे होते ते मांडून झाले आहे. आता कानात सांगायला कोणाकडे काही शिल्लक नाही.

माझे मत विचाराल तर मुलगा द्यावा असे आहे. म्हणजे मुलगी द्यावी असे. हे पत्र मात्र मी आता खऱ्या अर्थाने कॉन्फिडेन्शियल लिहिले आहे. तुम्ही एकट्यानेच वाचावे आणि वाचून फाडून टाकावे. मंगलाताईस नमस्कार, शकूस आशीर्वाद. गुडघ्याला तीळतेल लावत जावे.

आपला,
सुकलाल

ता. क. शकूच्या ट्रेनिंग कॉलेजचा फॉर्म तिच्या पेटीत, कपड्यांखाली आहे. तिने सगळा भरलेला आहे, फक्त पालकाची सही राहिली आहे. शेवटची तारीख तीस. खरे तर या पत्रात एवढेच लिहायचे होते, बाकीचे ओघात आले. तुमची सही फार सुंदर असते, मी ती लहानपणापासून पाहत आलो आहे.

ता. क. दुसरा. वर ‘एकट्यानेच वाचावे’ लिहिले आहे, पण उषाने शुद्धलेखन तपासायला घेतले होते, आणि सोनाबाईंनी त्यांच्याविषयी काय लिहिले आहे ते वाचून घेतले. मेहताजींना मराठी येत नाही, त्यांना मी तोंडी सांगितले.

ता. क. तिसरा. पोस्टात पत्राला तीन दिवस लागतात, म्हणून ते टपालाने न पाठवता उद्याच्या भुसावळ पॅसेंजरने माणसाच्या हाती देत आहे. पाकिटाला डिंक लावलेला नाही. वाटेत पाच-सहा तास आहेत, त्याने वाचले असेलच, वाचू द्यावे. आता तुमच्यासमोर निळा शर्ट घालून जो उभा आहे, तो पोपट. त्याला बसायला सांगा, आणि बोलायचे ते उजव्या बाजूने बोला.